हात मांडीखाली

"हात मांडीखाली घ्या."

अक्कांच्या वर्गाची सुरुवात अशी व्हायची. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. आधी त्या स्वतः सतरंजीवर मांडी घालून बसायच्या, दोन्ही तळहात मांड्यांखाली सरकवायच्या आणि मग आमच्या तोंडाकडे बघायच्या. आम्ही म्हणजे आईबाप. समोर आमची लेकरं आणि प्रत्येक लेकरापुढं वाटीत सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे. लेकरू खाईल, सांडेल, नाकाला लावेल, वाटी उपडी करेल, पण आईबापाचे हात हलता कामा नयेत. एवढाच अभ्यास. तुम्हाला सोपा वाटत असेल तर घरी एकदा करून बघा.

ज्यांच्याशी भांडायला उभं राहतानाच आपण हरणार हे ठाऊक असतं, अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आमच्या अक्का त्यातल्या. आता त्या नाहीत म्हणून मोकळेपणानं बोलायलोय. समोर असत्या तर म्हणाल्या असत्या, गिरणीवाले, पुरे करा, तिकडं पीठ सांडायलंय.

माझी सीमेवरच्या औरादला पिठाची गिरणी. गिरणीच्या आवाजावरून बोलायची सवय, त्यामुळे मी साधं बोललो तरी माणसाला वाटतं भांडायलाय. आणि खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मी भांडतच असतो. अक्का माझ्या दुप्पट. मूळच्या कमठाण्याच्या, मास्तरीण म्हणून सगळी नोकरी औराद तालुक्यात. घरात मराठी, शाळेत कन्नड, भाजीवालीशी तेलुगू, आणि राग आला की दख्खनी. "क्या मियाँ" असं म्हणून त्यांनी बोलायला सुरुवात केली की ज्याला बोलायच्या त्यानं चपला घालायला घ्याव्यात. साडी सुती, पण इस्त्री अशी कडक की बसल्यावर घडीचा आवाज यावा. त्या इस्त्रीचा त्यांना फार अभिमान होता.

आमची गौरी जन्मली तेव्हा उशिरा रडली. डॉक्टर म्हणाले, शिकेल, पण सावकाश शिकेल. सावकाश म्हणजे किती ते कुणी सांगितलं नाही. मग आम्ही तिला शिकवायचंच सोडून दिलं आणि सांभाळायला लागलो. आई घास भरवायची, बायको वेणीफणी करायची, मी चपला घालायचो. पोरगी दहा-अकरा वर्षांची झाली तरी पाण्याचा पेला तिच्या तोंडाला आम्हीच लावत होतो. माया कमी नव्हती हो. मायेनंच घोळ केला होता.

तालुक्याला अशा लेकरांचं शिबिर भरायचं. लेकरं तपासायची, दाखले द्यायचे, पांगायचं. एका शिबिरात अक्का नुसत्याच बसून होत्या, रिटायर झाल्या होत्या, कुणी बोलावलंही नसेल. निघताना आम्हा सगळ्यांना दारात अडवलं आणि म्हणाल्या, "लेकरं तपासून झाली. आईबाप कोण तपासणार?"

वर्ग बाजाराच्या दिवशी ठेवला तोही त्यांचाच हिशोब. खेड्यापाड्यातली माणसं वर्गाला म्हणून कोण येणार? पण बाजाराला सगळे येतात. मागून घेतलेली शाळेची एक खोली, एक सतरंजी. पिशवी भरायच्या आधी तासभर इकडं बसा म्हणाल्या. लोक बसले. अक्कांना नाही म्हणणं अवघड होतं.

पहिल्याच दिवशी गौरीनं वाटी उलटी केली. माझा हात गेलाच. अक्का ओरडल्या नाहीत. "गिरणीवाले, हात," एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, सांडलंय की. त्या म्हणाल्या, "सांडलं तर पुसायचं. ज्यानं सांडलं त्यानं." आणि गौरीपुढं एक फडकं ठेवलं. गौरीनं आयुष्यात फडकं धरलं नव्हतं. तिनं त्यानं आधी स्वतःचं तोंड पुसलं, मग माझा गुडघा, मग कधीतरी सतरंजी. तेवढ्या वेळात मला घाम फुटला. अक्का तिला म्हणाल्या, "शाब्बास, गौरक्का." प्रत्येक लेकराला त्या अक्का नाहीतर अण्णा म्हणायच्या, मोठ्या माणसाला म्हणावं तसं. बाहेर आमच्या लेकरांना लोक काय काय म्हणायचे ते मी इथं सांगत नाही.

घरी हे कळल्यावर आमची आई पेटली. पुढच्या बाजाराला काठी टेकत वर्गात आली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, मी जिवंत हाय तवर माझ्या नातीला घास मीच भरवणार, कोण अडवतंय बघते.

अक्का म्हणाल्या, "आणि तुमच्या माघारी?"

तोच प्रश्न प्रत्येकाच्या पोटात होता. रात्री दिवा मालवल्यावर नवराबायकोनं एकमेकांना न विचारलेला.

मग अक्कांनी सांगितलं. त्यांना एक थोरला भाऊ होता, गौरीसारखाच. त्यांच्या आईनं त्याला तळहातावर वाढवलं, मिशा आल्या तरी घास भरवला. आई गेली त्या दिवशी शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणली. भाऊ ताटासमोर तोंड उघडून बसला. भाकरी पुढ्यात, भूक लागलेली, आणि हात उचलायचा असतो हे त्याला ठाऊकच नाही. "आईनं त्याला काय कमी केलं न्हाई," अक्का म्हणाल्या, "फकस्त त्याचे हात संगं घेऊन गेली." हे सांगताना त्यांचा आवाज हलला नाही. आमच्या आईनं काठी खाली ठेवली, सतरंजीवर बसली आणि आपले हात मांडीखाली घातले. तिचे गुडघे दुखत होते, तरी तासभर उठली नाही.

पुढं वर्गाला रंग चढला. मन्नाएखेळ्ळीचे एक पाटील होते, त्यांचा मुलगा बारावीच्या वयाचा, हात कडक, वळायचे नाहीत. त्याला सदरा घालायला शिकवायचं ठरलं. पाटील शिस्तीचे. भाच्याच्या लग्नाच्या दिवशी घरचे सगळे गाडीत जाऊन बसले आणि हे खोलीत हात मांडीखाली घालून पोराच्या समोर. पोरानं सदरा घातला, पण उलटा. शिवण बाहेर, खिसा आत. पाटलांनी हात काढले नाहीत. पोरगा तसाच लग्नात हिंडला आणि विचारील त्याला पाटील छाती काढून सांगायचे, त्याचं त्यानं घातलाय. वर्गात सांगताना मात्र थोडे ओशाळले. अक्का म्हणाल्या, "उलटा तर उलटा. आतून बी कापूसच हाय की." त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. अशा लेकरांचे आईबाप एकत्र बसून हसू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग आली बाजाराची परीक्षा. लेकरांनी एकेकट्यानं बाजारात जाऊन एक वस्तू आणायची, आईबापांनी खोलीत बसायचं. कसं बसायचं ते सांगायला नको. अक्कांनी बाजारात आधीच फिरून बजावलं होतं, लेकरू आलं की कीव करू नका, फुकट देऊ नका, हाकलू नका, गिऱ्हाईक हाय ते. गौरीला कोथिंबीर आणायची होती. ती दारातून बाहेर पडली आणि माझ्या डोळ्यापुढं बाजारातले बैल, टेम्पो, मोकाट कुत्री सगळं एकदम आलं. बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर दोघंही उठलो असतो.

गौरी आली. हातात मेथीची जुडी.

मला तर ती मेथी बघून रडूच यायचं राहिलं होतं. एकटी गेली, एकटी आली, आणखी काय पाहिजे? मी म्हणालो, राहू द्या अक्का, हिरवं ते हिरवं. त्यावर अक्का माझ्याकडं अशा वळल्या की वाटलं आता दख्खनी निघतंय.

"तुम्ही ज्वारी घेऊन आलेल्याला गव्हाचं पीठ द्यायलाव का? तुम्हाला कोथिंबीर पाहिजे होती, तर कोथिंबीरच यायला पाहिजे. पोरगी तुमची हाय म्हणून तिचं काम कशापायी अर्धं धरायचं?" मग गौरीला शांतपणे म्हणाल्या, "गौरक्का, ही मेथी. बदलून आणा."

गौरी परत गेली. बराच वेळ आली नाही. नंतर भाजीवालीनंच सांगितलं, बदलून देत नव्हते, पण पोरगी हललीच नाही, मेथी पुढं धरून उभी, मागची गिऱ्हाइकं खोळंबली, शेवटी दिली बाई. गौरी खोलीत आली ती कोथिंबीर डोक्यावर धरून, सगळ्यांना दिसावी म्हणून. "कोतमीर," ती म्हणाली, मोठ्यानं. माझ्याच आवाजात म्हणाली. त्या संध्याकाळी आमच्याकडं डाळीत कोथिंबीर, भातावर कोथिंबीर आणि शेजारच्या चार घरी चिमूट चिमूट कोथिंबीर. लोकांनी पेढे वाटावेत तशी मी कोथिंबीर वाटली, आणि मला त्याची काडीचीही लाज वाटली नाही.

आज गौरी गिरणीत माझ्याबरोबर असते. पिठाचा डबा लावते, झाकण घालते, ज्याचा डबा त्यालाच देते. कुणी घाई केली तर हात खाली घेऊन त्याच्याकडं बघत राहते. गिऱ्हाईक गप होतं. ही कुणाची शिकवण ते सगळ्या औरादला ठाऊक आहे.

मागच्या थंडीत, जायच्या आधी, अक्कांना लकव्याचा झटका आला. उजवी बाजू गेली. भाची त्यांना कमठाण्याला घेऊन गेली. आम्ही बघायला गेलो, मी, बायको, गौरी आणि मन्नाएखेळ्ळीचे पाटील. अक्का खाटेवर टेकून बसल्या होत्या. साडी स्वच्छ होती, पण इस्त्री नव्हती. ते मला आधी दिसलं. भाची बिचारी मन लावून सेवा करत होती. चहा बशीत ओतून, फुंकर घालून, त्यांच्या तोंडाला लावत होती. अक्का तोंड मिटून भिंतीकडं बघत होत्या. भाची म्हणाली, असंच करायल्यात, काय घेतच न्हाईत.

गौरी खाली बसली, मांडी घातली आणि दोन्ही हात मांडीखाली सरकवले. मग भाचीकडं बघितलं. भाचीला काही कळेना.

"ताई," मी म्हणालो, "कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा आणि हात मांडीखाली घ्या."

भाचीनं कप ठेवला. बायको बसली, मी बसलो, पाटीलही धोतर सावरून बसले. अक्कांनी आमच्याकडं एकेक करून बघितलं. मग डावा हात उचलला. कप हलला, ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मा चहा साडीवर सांडला. निम्मा प्यायल्या. भाची धावणार तेवढ्यात गौरी उठली. खुंटीवरचं फडकं काढलं, खाटेजवळ गेली आणि ते अक्कांच्या डाव्या हातात दिलं.

"पुसा, अक्का."

अक्कांचं तोंड एका बाजूनं हसलं. त्या साडी पुसायला लागल्या, सावकाश. गौरी परत जागेवर येऊन बसली, हात मांडीखाली घातले आणि त्यांचं होईपर्यंत बघत राहिली.