फिट म्हणजे नक्की काय झालं?

दवाखान्यात किस्से औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे साठतात. उद्या टाकू म्हणत कुणीच टाकत नाही. कोरेगावच्या दवाखान्यात मी काउंटरला बसते, आणि माझ्याकडची निम्मी खोकी एकाच शब्दाची आहेत. फिट.

पहिल्याच दिवशी मॅडमनी बजावलं, "फिट ऐकलंस की पेशंट थेट आत. नंबर बघायचा नाही. उशीर जिवावर बेततो." मी मुळात दार वाजलं तरी दचकणारी. त्यात हे.

दुपारी एक आजोबा धापा टाकत आले. "बाई, नातवाला फिट पायजे."

पायजे?

"आवं, आत्ताच पायजे. गाडी हाय त्येची."

मी स्ट्रेचर ओढत बाहेर गेले. नातू पायरीवर उभा राहून केळं खात होता. भरतीसाठी फिट असल्याचं सर्टिफिकेट हवं होतं.

*

मग रहिमतपूरहून फोन. "म्याडम हायत का? आईला सकाळधरनं फिटच बसंना."

सकाळपासून? इंजेक्शन भरत असलेल्या मॅडमना मी तसंच बाहेर आणलं. त्यांनी फोन घेतला, ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "गुडघ्याचा पट्टा उलटा तर घातला नाही ना?"

*

तेव्हापासून या शब्दाचा मला नादच लागला. धडधाकट माणूस फिट, आणि जमिनीवर तडफडणाऱ्यालाही आलेली फिटच. ब्लाउज फिट, नळ फिट, जुळलेलं लग्नसुद्धा फिट.

आमचे कंपाउंडर तानाजीकाका. त्यांना विचारलं, "काका, एकच शब्द दोन्हीकडून कसा काय बोलतो?"

"तुज्यासारखाच हाय त्यो. बसला तर गप बसतोय, न्हाईतर उडतोय."

*

त्यात आपली मराठीही मागे नाही. बाकावर बसलेल्या एक आजी कण्हत म्हणाल्या, "फिटली गं बाई."

मी धावत जाऊन त्यांचे खांदे धरले. "फिट आली? आजी, इकडं बघा माझ्याकडं."

"हौस फिटली, हौस. सकाळधरनं बसवलंय तुमी. आन् सोड की खांदा, दुखतोय."

त्यांचा खांदाच दाखवायचा होता.

शेवटी काकांनी सांगितलं, "पळायच्या आदी इचारत जा. आली का झाला?"

*

आणि हा परवाचा. मॅडम साताऱ्याला, काका जेवायला, मी एकटी. फोनवर आमच्या नेहमीच्या पेशंट सुनीताकाकू. त्या हुंदके देत होत्या आणि मागे हलगी वाजत होती.

"बाई, फिट... फिट..."

त्यांचा विकास मिल्ट्रीच्या मेडिकलला गेला होता, ते मला माहीत होतं. उठलेली मी परत खाली बसले. "काकू, विकासला फिट आली का विकास फिट झाला?"

"इकास फिट झाला गं. आन् ते ऐकून त्येच्या बापाला फिट आली."

मॅडम सांगतात ते मी एका दमात सांगून टाकलं. "कुशीवर वळवा. गर्दी हटवा. कांदा हुंगवू नका. तोंडात काही म्हणजे काही घालू नका. मी गाडी पाठवते."

पलीकडे हलगी थांबली.

"आवं, पेढा घातलाय की तोंडात."

"काढा तो आधी, काकू. काढा."

धावपळ ऐकू आली, भांडं पडलं, कुणीतरी कुणाला तरी "सरक रं" म्हणालं. मग खोल गेलेला, पुरुषी आवाज आला.

"ऱ्हाऊ दे. गोड लागतोय."