गोजरबाईनं धरलेली जागा

गोजरबाई आयुष्यात पहिल्यांदा एसटीत चढली ती खिडकीतून. पाचोडचा बाजाराचा दिवस, गाडी गच्च भरणार हे ठरलेलं. बापानं पोरीच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि खिडकीतून आत लोटलं. "पसर!" एवढंच म्हणाला. पोरगी बाकावर आडवी पसरली. दारातून माणसं घुसली, तिच्यावर ओरडली, एकानं तर पाय धरून ओढलं. पण तिनं बाक सोडला नाही. मग बाप आला, आई आली, मावशी आली. बाक तिघांचा होता, तिघं बसली. गोजर पैठणपर्यंत उभी.

तिचं चरित्र इथंच संपवलं तरी चालण्यासारखं आहे. पुढं फक्त बाक बदलत गेले.

माहेरी असताना बाजारात आईच्या भाजीसाठी पहाटे पोतं अंथरून ती त्यावर बसायची. लग्नाच्या पंगतीत एका पत्रावळीवर आपण, एकीवर पदर, एकीवर चप्पल असं करून अख्ख्या घराची सोय करायची. वाढप्याला चपलेपुढं भात वाढायचा की नाही हा प्रश्न पडायचा. लग्न होऊन बजाजनगरला आली, तर तिथं नळाची रांग. गोजरबाईचा पोचा पडलेला हंडा रांगेत दिसला की बाया मुकाट्यानं त्याच्या मागं हंडे लावायच्या. सरकारी दवाखान्यात तिची एक चप्पल रांगेत आणि ती दुसरी पायात घालून बाहेर चहा पीत, हे तर मी स्वतः पाहिलं आहे. तिचे मालक कडुबा वारले तेव्हा दहाव्याला घाटावरची सावलीची जागाही तिनंच धरली, असं आमच्या गल्लीत सांगतात. खरं नसेल, पण कुणाला खोटं वाटत नाही.

असं माणूस घरात असलं की घरातल्यांना त्याची सवय लागते. तिचा मुलगा सोमनाथ वाळूजच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे. माणसं कशी कामाला लावायची हे तो तिथं शिकला आणि घरी येऊन आईवर वापरू लागला.

"आई, तुझ्यावानी जागा कुणाला धरता येती व्हय?" असं तो म्हणाला की गोजरबाईनं समजून जायचं, आजही आपण पिशव्यांपाशी.

मकबरा पाहायला गेले तेव्हा ती चपलांपाशी होती. "लई पांढराय," एवढं ती मकबऱ्याबद्दल सांगू शकते. प्रदर्शनात आकाशपाळणा आला तेव्हा सगळे वर आणि ती खाली, मांडीवर तिघांचे स्वेटर. सुनेच्या मैत्रिणींच्या भिशीची सहल निघाली तेव्हाही तिला नेलं, कारण सून मंजुषाच्या मते "आई असल्या की पर्सचं टेन्शन नसतं."

मे महिन्यात पैठण रस्त्यावरच्या वॉटर पार्कला जायचं ठरलं, तेव्हा मात्र गोजरबाईच्या मनात काही वेगळंच होतं. नात अपेक्षानं मोबाइलवर तिला तिथलं लाटांचं तळं दाखवलं होतं. भोंगा वाजतो आणि निळ्या फरशीच्या तळ्यात एकामागून एक लाटा उठतात. माणसं किंचाळतात, पडतात, उठतात, पुन्हा पडतात. गोजरबाईनं समुद्र पाहिला नव्हता. गोदावरी पाहिली होती, पण ती उन्हाळ्यात गुडघाभर आणि पावसाळ्यात जवळ जाऊ देत नाही.

"मला बी त्या लाटंत बसायचंय," ती आदल्या दिवशी चपात्या लाटताना म्हणाली.

मंजुषा हसली. "आई, तिथं साडी चालत नाही. नायलॉनचा ड्रेस घालावा लागतो, भाड्यानं मिळतो. तुम्ही घालणार का?"

"तू घालतीस ना?"

"मी... माझं वेगळं."

"काहून? तुझे पाय येगळेत का?"

अपेक्षा खिदळली. सोमनाथनं वर्तमानपत्रातून मान काढली. "आई, रविवारी तिथं जेवायला टेबल मिळत नाही. मागच्या वेळी कंपनीतला साठे उभ्यानं पावभाजी खाऊन आला. तुझ्यावानी जागा..."

"कळलं," गोजरबाई म्हणाली आणि चपाती अशी लाटली की ती पापडच झाली.

त्या चपात्या दारावरच अडल्या. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा तिथं नियम. रखवालदारानं चपात्यांचा डबा काढून घेतला, ठेचा काढून घेतला, शेंगदाण्याचे लाडूही काढून घेतले. पिशवीच्या तळाशी दोन लिंबं होती. जीपमध्ये मळमळू नये म्हणून गोजरबाई लिंबू हुंगत आली होती.

"हे काय?" रखवालदारानं विचारलं.

"औषध," ती म्हणाली. ते त्यानं राहू दिलं.

आतलं हॉटेल म्हणजे पत्र्याचा मोठा मांडव. एका टोकाला काउंटर. तिथं पैसे भरून टोकन घ्यायचं, नंबर पुकारला की ट्रे आपणच उचलायचा आणि मग टेबल शोधत फिरायचं. खांबावर पाटी होती: ऑर्डर देण्याआधी टेबल अडवून ठेवू नये. पाटीखालचं टेबल अडवण्यासाठी कुणीतरी आपली टोपी पाटीच्याच खिळ्याला अडकवली होती.

सगळे पाण्यात गेले आणि गोजरबाई कामाला लागली. तिची एक पद्धत आहे. रिकामं टेबल शोधत ती फिरत नाही. ते तिच्या मते शिकाऊ माणसाचं काम. ती शेवटचा घास शोधते. कुणाचं ताक तळाशी आलंय, कुठली आई पोराचं तोंड पुसतेय, ते हेरते आणि त्या टेबलाशी जाऊन उभी राहते. एवढं जवळ की खाणाऱ्याला तिच्या श्वासाचा वारा लागावा. त्या दिवशी एका नवरा-बायकोनं अर्धा डोसा टाकून टेबल सोडलं. टेबल मोक्याचं होतं: वर पंखा, आणि समोर, लोखंडी कठड्यापलीकडं, लाटांचं तळं.

तिनं चार खुर्च्यांवर चार पिशव्या ठेवल्या. गॉगलवाली पोरं आली.

"मावशी, बसू का?"

"माणसं येऊ लागलीत."

"आली की उठतो ना."

"उठणारा आधी बसत नसतो बाबा."

पोरं गेली. शेजारच्या टेबलावर एक बाई हसली. तिच्याभोवतीही पिशव्या, टॉवेल, दुधाची बाटली आणि एक फुगवलेलं प्लास्टिकचं बदक. ती किराडपुऱ्याची शहजादी. मुलगा फरदीन, सून, नातवंडं सगळी पाण्यात.

"तुमको बी बिठाके गए क्या?" तिनं विचारलं.

"व्हय. आन् तुमाला?"

"हौ. बोलते, अम्मी तुम आराम से बैठो. इतना आराम करी मैं जिंदगी में, कमर अकड गई."

गोजरबाईला ही बाई एकदम पटली. दोघींनी सुनांची चौकशी केली, गुडघ्यांची केली. तेवढ्यात भोंगा वाजला. अगदी कंपनीच्या शिफ्टचा वाजतो तसा. तळ्यात लाटा उठल्या. मंजुषा पोपटी नायलॉनमध्ये एका लाटेवर उलटी पडली आणि पाय वर करून किंचाळली. तिचे पाय सगळ्यांसारखेच होते. लाट काठावर आपटली तसं पाणी कठड्यापर्यंत आलं आणि चार थेंब गोजरबाईच्या पायावर उडाले. तिनं ते पुसले नाहीत.

एक वाजत आला तशी घरची माणसं ओली ओली मांडवात आली. टेबल पाहून सोमनाथ खूश. "बघा! पंख्याखाली! आई म्हणजे आई!"

"सोम्या, आता तुमी बसा. मी जरा पाण्यात..."

"अगं टोकनला केवढी रांग आहे बघ. आम्ही ऑर्डर घेऊन येतो, तोवर तू हलू नको. जेवण झालं की निघायचंच आहे, जीपवाला थांबत नाही. पुढच्या वेळी नक्की जा."

मंजुषानं पर्स तिच्या मांडीवर ठेवली. अपेक्षा म्हणाली, "आजीला जाऊ द्या ना, मी बसते." त्यावर मंजुषा म्हणाली, "तुझं लक्ष मोबाइलमध्ये, मागच्या वेळी खुर्ची नेली लोकांनी तुझ्याखालून." आणि ते तिघंही रांगेकडं गेले.

लाऊडस्पीकरवर सूचना झाली: जेवणाआधीच्या शेवटच्या लाटा थोड्याच वेळात, त्यानंतर तळं साफसफाईसाठी दुपारभर बंद.

गोजरबाई जागेवरून उठली आणि पुन्हा बसली. टेबल सोडून जाणं तिला जमत नव्हतं. काही झालं तरी धरलेली जागा तिनं जन्मात सोडली नव्हती. गॉगलवाली पोरं खांबाआड दबा धरून होतीच. नुसत्या पिशव्यांना आजकाल कोण विचारतं? रुमालाला तर एसटीतही किंमत राहिली नाही. तिनं चुळबुळत हात पिशवीत घातला आणि हाताला लिंबू लागलं.

ती लिंबाकडं पाहत राहिली. मग तिनं मंजुषाची पर्स उघडली, लिपस्टिक काढली आणि लिंबाच्या अंगावर लाल पट्टे ओढले. बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढल्या, उघडल्या आणि लिंबात खुपसल्या. अपेक्षाचा काळा रबरबँड लिंबाभोवती गुंडाळला. टेबलावरच्या डबीतलं मीठ गोल ओतलं आणि मधोमध लिंबू ठेवलं.

काम इतकं झकास झालं की क्षणभर तिची तिलाच भीती वाटली.

शहजादी डोळे मोठे करून पाहत होती. "या अल्ला. ये क्या करे?"

"जागा धरली."

शहजादीनं लिंबाकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, बदकाकडं पाहिलं. "और एक निंबू है क्या तुमारे पास?"

"हाय की. पण तुमच्यात चालतं का हे?"

"निंबू का कौनसा मजहब रहता बाई. लगाव जल्दी, भोंगा बजता."

टोकन मिळायला बराच वेळ लागला. सोमनाथ, मंजुषा आणि अपेक्षा पावभाजीचे ट्रे घेऊन आले, तेव्हा मांडवात माणसं खांबांना टेकून खात होती, काही जिन्यावर बसली होती, एक कुटुंब हात धुण्याच्या ओट्यावर जेवत होतं. आणि पंख्याखाली दोन टेबलं मोकळी. त्यांच्या आजूबाजूचीही मोकळी, कारण लिंबाच्या वाऱ्यालाही कुणी थांबलं नव्हतं. गॉगलवाली पोरं लांबून हात जोडून उभी होती.

"आई कुठंय?" सोमनाथ म्हणाला.

मंजुषाला लिंबू दिसलं आणि ती ट्रेसकट दोन पावलं मागं सरली. "अहो! आईंना काहीतरी केलंय कुणीतरी!"

"काही होत नसतं. अंधश्रद्धा आहे ही," सोमनाथ म्हणाला. पण ट्रे काही टेबलावर ठेवला नाही.

"मग ठेवा ना ट्रे."

"तू ठेव."

हॉटेलच्या मॅनेजरला बोलावलं. त्यानं टेबल पुसणाऱ्याला बोलावलं. टेबल पुसणारा म्हणाला, साहेब, माझ्या कामात फक्त खरकटं येतं. शेजारच्या टेबलाशी फरदीन आणि त्याची बायको बिर्याणीचे ट्रे घेऊन तसेच उभे होते. "अम्मी कहाँ गई?" असं तो चौथ्या माणसाला विचारत होता. पावभाजी गार होत होती.

मंजुषा लांबूनच वाकून लिंबाकडं बघत होती. तिची मान हळूहळू पुढं गेली.

"अहो," ती म्हणाली, "ही माझी शेड आहे."

तेवढ्यात भोंगा वाजला आणि अपेक्षा ओरडली, "आजी!"

तळ्याच्या मध्यभागी दोन बाया एकमेकींच्या दंडाला धरून उभ्या होत्या. एकीचा भाड्याचा ड्रेस जांभळा, दुसरीचा नारिंगी, डोक्यापासून घोट्यापर्यंत. पहिली लाट आली आणि दोघी दिसेनाशा झाल्या. मग वर आल्या. गोजरबाईचा अंबाडा सुटला होता, तोंडातून पाणी उडत होतं आणि ती लाटेला अशी काही शिवी देत होती की मांडवातल्या बायांनी पोरांचे कान झाकले. शहजादी हसून हसून खाली बसली, तर तिला पुढच्या लाटेनं काठापर्यंत वाहून आणलं. गोजरबाई तिच्यामागून आली, पसरून, हातपाय टाकून, आडवी. शेजारी मोकळं पाणी होतं आणि तिथं तिला कुणालाही बसवायचं नव्हतं.

लाटा संपल्यावर ती मांडवात आली. अंगातून पाण्याच्या धारा. जांभळ्या नायलॉनमध्ये ती मोठ्या वांग्यासारखी दिसत होती. कुणाकडं न बघता ती पंख्याखालच्या खुर्चीत बसली. लिंबू उचललं, एकेक पिन काढून बांगडीत अडकवली, लिपस्टिक टॉवेलानं पुसली. दातानं लिंबाचं टोक तोडलं आणि सोमनाथच्या हातातल्या ट्रेमधली एक ताटली ओढून घेऊन भाजीवर पिळलं.

भोवतालच्या माणसांच्या तोंडून एकच आवाज निघाला.

"बसा की," ती म्हणाली. "टेबल तुमचंच हाय."

कुणी बसेना. आधी अपेक्षा बसली. मग पोटात कावळे ओरडत असल्यामुळं सोमनाथ बसला, खुर्चीच्या काठावर. मंजुषा उभीच होती. मीठ टेबलावरून पदरानं झाडावं तर अंगावर पदर नाही, अशी तिची अडचण.

"आई, लोक बघायलेत. काय म्हणतील?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि चाळीस जणांची जागा अडवून ठेवलीत तुम्ही."

"तुला चौघांची पाह्यजे होती. जास्तीची आली."

"पुढच्या वेळी..." मंजुषानं सुरुवात केली.

"पुढच्या वेळी लिंबं दोन जास्त घ्या," गोजरबाई पावाचा तुकडा भाजीत बुडवत म्हणाली, "आन् मला तो नारिंगी डरेस. ह्यो काखंत काचतो."