डावीकडे झुकणारा धूर

आमच्या ताई धूर, धुकं आणि ढग विकायच्या, तेही संगमनेरात, बी-बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सिनेमावाल्यांसाठी कॉम्प्युटरवर धुकं बनवायचं, हा आमचा सहा जणांचा धंदा. खालचे दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचे, वर ढग मिळतात, पण पावसाची हमी नाही. ताईंनाही ते ऐकून हसू यायचं.

ताई पुण्यात शिकलेल्या, पण कामाचं बोलायच्या गावच्याच भाषेत. पडद्यावरचं धुकं काढताना कॉम्प्युटर नजरेची रेघ आत सोडतो आणि पावलोपावली थांबून विचारतो, इथे किती दाट, इथे उजेड किती. आमची जुनी मशिनं अशी विचारत बसली की चहा गार व्हायचा, चित्र अर्धंच. ताईंनी त्यांना नियम घालून दिला. "जिथं काई न्हाई तिथं थांबायचं न्हाई. आन् जिथून पुढं दिसतच न्हाई, तिथून माघारी फिरायचं." मोकळ्या हवेत लांब ढांगा, धुक्यात बारीक पावलं. काम भराभर उरकायला लागलं.

धूर खरा वाटेना की ताई आम्हाला खुर्चीसकट खिडकीशी ओढायच्या. समोर साखर कारखान्याची चिमणी होती. तिचा धूर डावीकडे झुकत आळसावत जायचा. आमची शाळा तीच.

मग एका सिनेमा कंपनीचं मोठं काम चालून आलं. ते मिळालं तर सगळे संगमनेरात राहणार, नाहीतर पुणं ठरलेलं. पोरांनी घरचं जेवून हे काम करावं, हा ताईंचा एकच हट्ट होता. नमुन्याला पहाटेचं गाव होतं. धुकं सुरेख उतरलं, तेही वेळेत. तरी कंपनीने नाकारलं. देवळावरचा झेंडा उजवीकडे फडकत होता आणि आमचा चुलींचा धूर डावीकडे चालला होता. आमच्यापैकी कुणालाच ते खटकलं नव्हतं. धूर डावीकडेच जातो, याबद्दल आमच्या मनात शंकाच नव्हती. दुरुस्त करून देतो म्हणालो, पण एवढं ज्यांना दिसलं नाही त्यांच्यावर भरवसा ठेवायला ते तयार झाले नाहीत.

ताई आधी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बराच वेळ खिडकीत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून एकेकासाठी पुण्याला फोन लावू लागल्या. दुसरं काम येईल, थांबू, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "पुढं दिसत न्हाई आता. निघा तुमी." त्यांच्या नियमाचा मला तेव्हा मनापासून राग आला.

ताई आता बेलापूरला शिकवण्या घेतात. मी पुण्यात धूरच बनवतो. परवा एक चित्र त्यांना मोबाईलवर पाठवलं. त्यात झेंडा नव्हता, तेवढं पाहून घेतलं होतं. लगेच फोन आला. धूर लई भारी झालाय म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू अजून आपल्याच खिडकीत बसलाय व्हय रं?"

मी पडद्याकडे पाहिलं. धूर डावीकडे चालला होता. मला तो सरळ करवला नाही.