मंगळावर सुकट का नाही?

मंडळी, आज दुपारपासून माझ्या डोक्यात एक संशय घोळतोय.

माझा मित्र समीर मंगळावरची कादंबरी लिहितोय. आज आमच्या भोईवाड्याच्या घरी येऊन त्याने ती वाचून दाखवली. बंद घुमटात शेकडो माणसं राहतात. ऑक्सिजन, पाणी, सगळं अगदी पटण्यासारखं!

तेवढ्यात आईने आत सुकट भाजायला घेतली. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "पुन्हा तोच वास! कोण आहे?"

मी समीरला विचारलं, "तुझ्या घुमटात सगळ्यांची हवा एकच ना? मग वासावरून भांडण कसं होत नाही?"

"फिल्टर आहेत गं."

"बरं. ते जेवतात काय, ते वाच."

त्याने वाचलं. वरण-भात, वर तूप.

"सुकट खाणारं एकही माणूस नाही?"

"अगं, मंगळावर मासळी कुठून येणार?"

"आणि तूप कुठून आलं रे?"

आईने त्याला जेवायला बसवलं. सुकट त्याने दोनदा मागून घेतली.

ऑक्सिजनचं गणित मला पटलं हो. पण मला सांगा, यान सुटलं तेव्हा आम्हाला खाली कोणी ठेवलं?