नावड्याची हळद आणि दोन भिंगांचा कॅमेरा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑफिसातला मित्र नामदेव म्हणाला, "बहिणीची हळद हाय आनि फोटोवाला आजारी पडलाय. तुजा तो डबा घेऊन ये ना!" डबा म्हणजे वर-खाली दोन भिंगं असलेला माझा कॅमेरा. व्यावसायिक फोटोग्राफरकडून जुना घेतलेला, माझा जीव की प्राण. डबा म्हटल्याचा राग आला, तरी मी हो म्हणालो.

दादरहून पनवेलची एसटी आणि पुढे कल्याणच्या गाडीनं नामदेवचं गाव नावडे, असा प्रवास. ट्रायपॉड टपावर टाकायला मी ठाम नकार दिला, तेव्हा कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं. तुर्भ्याला ट्रकांची एवढी धूळ की कॅमेऱ्याची चामड्याची पेटी मी शर्टाखाली घेतली. आता जाणार असाल तर रस्ते रुंद झालेत, पण भिंग पुसायचं फडकं विसरू नका.

गाव भातखाचरांच्या कडेला. जाताच तांदळाची भाकरी आणि सोड्यांचं, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचं, झणझणीत कालवण समोर आलं. ते जेवण मी आजही कुठल्याही हॉटेलात शोधतो आणि चिडून बाहेर पडतो.

या कॅमेऱ्यात वरच्या काचेत बघायचं, म्हणून फोटो काढणारा सारखा खाली मान घालून. मांडवातल्या बायका हसल्या, "फोटूवाला लाजतोय बग!" मी लाइटमीटर लावून प्रकाश मोजत राहिलो.

हळद लागली. रोलमधला शेवटचा फोटो उरला होता आणि जवळ दुसरा रोल नव्हता. तेवढ्यात नवरी, सुनंदा, हळदीच्या अंगानं जवळ आली. "दादा, आयबरोबर माजा एकपन फोटू नाय. बाबा गेल्यापासून ती शुभकार्यात पुढं येत नाय. उद्या मी सासरी जानार. तिला न कळता काढाल?"

आई मागच्या अंगणात चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. विधवा बाईनं हळदीच्या नवरीजवळ जायचं नाही, हा तिचा नेम. मला तो मुळीच पटत नव्हता, पण परक्या घरात मी कोण बोलणार?

असल्या कॅमेऱ्याची एक युक्ती असते. तो आडवा धरला की आपण एकीकडे बघतोय असं वाटतं आणि भिंग बाजूला रोखलेलं असतं. मी पेंढ्याच्या उडवीकडे तोंड करून उभा राहिलो. काचेत आई दिसली, पण उलटी, डोकं खाली. सुनंदा तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"फोटूवाले," भाकरीवरची नजर न काढता आई म्हणाली, "मना सांगून काढ ना. पदर तरी नीट घेते."

मी कानापर्यंत लाल झालो. गुपचूप वळलो आणि कॅमेरा सरळ धरला. आईनं पदर सारखा केला आणि मागे लेक दिसताच दचकली. "तू हितं कशाला? हळद लागलीय तुला, लांब रहा!" म्हणत तिनं तिला मागे सारायला पिठाचा हात पुढे केला. सुनंदा जागची हलली नाही. मी बटण दाबलं.

घरी येऊन न्हाणीघरात रोल धुतला. तो शेवटचा फोटो हलला असेल, तर ती पोर सासरी काय घेऊन बसणार? फोटो आला. स्वच्छ. दोन प्रती काढून नामदेवला दिल्या, एक सुनंदाच्या सासरी पाठवायला आणि एक आईला.

आठवड्यानं नामदेव माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आयनं किती येळ बगितला फोटू. मग म्हनली, मी तर तिला ढकलत हुते रं... ह्या फोटूत धरून ठेवलंय."