सायलेन्सरची टॉपलाईन

घोडे सांभाळणाऱ्या माणसाकडे दोनच गोष्टींचा ढीग लागतो. एक लिदीचा, दुसरा किश्श्यांचा. पहिला ढीग आमचे तात्या दर आठवड्याला ट्रॉलीत भरून भाताच्या खाचरात नेऊन टाकतात. दुसरा कुणीच नेत नाही! तो साठतच जातो, आणि चहाला कुणी आलं की मग आमचं तोंड थांबत नाही.

तर आमचा तबेला घोटावड्याच्या पुढे, तात्यांच्या जागेत. तात्या म्हणजे जागामालक. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मी घोड्यांमध्ये वाढलेली, कारण माझे वडील पोलीस खात्याच्या घोड्यांवर होते. नवरा सुधीर मूळचा अकोल्याचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. त्याचा घोड्यांशी संबंध इतकाच, की त्याचं माझ्याशी लग्न झालं.

शनिवार-रविवार पुण्याची मुलं रायडिंग शिकायला यायची. तीन म्हातारे, गरीब घोडे होते. सगळं छान चाललं होतं. आणि मला दुर्बुद्धी सुचली! मी रेसमधून काढलेला चार वर्षांचा एक घोडा घरी आणला.

*

घोडा टेम्पोतून उतरला तेव्हा तात्या, त्यांची बायको म्हणजे आमची काकी, आणि अर्धी वाडी बघायला जमली होती. रेसचा घोडा येणार म्हटल्यावर येणारच!

उतरला तो काय! बरगड्या दिसतायत, माकडहाड वर आलंय, मान खालून जाड आणि वरून बारीक. पाठीचा कणा तर इतका वर, की खोगीर ठेवायचं तरी कुठे हा प्रश्न.

तात्या म्हणाले, "ताई, ह्यो घोडा हाय का घोड्याचा एक्सरे?"

मी चिडून सांगितलं, की हा मोठ्या खानदानाचा आहे, आणि त्याचं रेसचं नाव 'सायलेंट सेंटिमेंट' आहे.

"काय? सायलेन्सर?"

झालं! त्या दिवसापासून पंचक्रोशीत तो सायलेन्सर.

*

आमचे डॉक्टर, म्हणजे जनावरांचे, कधी गोड बोलत नाहीत. त्यांनी घोड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "वजन कुणीही वाढवील हो. टॉपलाईन आणून दाखवा."

टॉपलाईन म्हणजे मानेपासून पाठीवरून मागच्या पुठ्ठ्यापर्यंतची, म्हणजे ढुंगणापर्यंतची वरची रेघ. तिथे मांस धरलं पाहिजे. नुसतं खायला घातलं की पोट सुटतं, पाठ तशीच राहते. रेसचा दाणा हळूहळू कमी करायचा, गवत आणि लसूणघास भरपूर, शिजवलेलं जवस, थोडं तेल, आणि जोडीला चढावर रोज चालवायचं. घाई अजिबात नाही.

"आणि पावसाच्या आत अंग धरलं नाही," डॉक्टर जाताना म्हणाले, "तर मुळशीचा पाऊस हा काढणार नाही. आत्ताच सांगतो. मागून रडायचं नाही."

आता मला सांगा, घाई करायची नाही आणि पावसाच्या आत करायचं! हे जमवायचं कसं?

*

त्यानंतर सल्ले सुरू झाले. बाप रे! कोळवणला फार्महाऊस घेतलेले एक गृहस्थ गाडी थांबवून सांगून गेले, की बिअर पाजा. काकी म्हणाली, डिंकाचे लाडू. पोस्टमनने कुंपणापलीकडून बघून नुसतं "च्‌ च्‌" केलं. मला तेच जास्त लागलं.

पण कळस केला सुधीरच्या ऑफिसातल्या नीलेशने. हा जिमवाला. एका रविवारी तो भला मोठा डबा घेऊन आला. प्रोटीन पावडर! चॉकलेट फ्लेवर!

"वहिनी, मी तीन महिन्यांत बघा कसा झालो. याला फक्त मसल मासची गरज आहे."

मी नको नको म्हणतेय, तोवर याने चार स्कूप घमेल्यात ओतून सायलेन्सरच्या नाकाखाली धरले. सायलेन्सरने हुंगलं. मान वर केली. ओठ उलटा केला. आणि असा शिंकला, की नीलेश डोक्यापासून बुटापर्यंत चॉकलेटी!

आमच्या तीनही म्हाताऱ्या घोड्यांनी त्याला चाटायला सुरुवात केली.

नीलेश तशाही अवस्थेत म्हणाला, "वहिनी, फ्लेवर चुकला. व्हॅनिला आणायला हवा होता!"

*

महिना झाला तरी पाठ काही भरेना. मी वैतागून सुधीरला ऑफिसात फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, पण माझे सारखे फोन आले म्हणून त्याने घाबरून उचलला. आणि नव्या मोबाईलवर नको ते बटण दाबलं. स्पीकर चालू!

मी आपली सुरू. "सुधीर, मला खरं सांग, हे आपल्याला झेपणार आहे का? टॉपलाईन ढिम्म हलत नाहीये! नुसतं ओततोय आपण. पुढचा भाग बरा आहे, मागचं सगळं बसलंय. आणि पावसाच्या आत नाही सुधारलं तर संपलंच सगळं!"

तिकडून एक अनोळखी, घाबरा आवाज आला.

"सुधीर, हे कुठल्या क्लायंटबद्दल चाललंय?"

त्यांच्याकडे टॉपलाईन म्हणजे कंपनीची एकूण कमाई, हे मला काय माहीत! सुधीर म्हणतो, त्या दिवशी 'घोड्याबद्दल' हे उत्तर खरं असूनही त्याला द्यायला जमलं नाही.

*

मग माझ्या लक्षात आलं, की सायलेन्सर गवताचे अर्धवट चावलेले गोळे खाली टाकतोय. डॉक्टर म्हणाले, दाढांना कडा आल्या असतील, घासाव्या लागतील. त्यांनी तो लोखंडी सरंजाम काढला, घोड्याच्या तोंडात चाप बसवला आणि लांब कानस आत घालून घासायला लागले. खर्र, खर्र, खर्र! पुन्हा वाडी जमली.

तात्या सगळ्यात पुढे. गालावर हात ठेवून बघत होते. अर्ध्या तासाने त्यांना राहवेना.

"काय जमाना आला! घोड्याची दाढ घासाया डॉक्टर घरी येतुया. आन्‌ माझी दाढ दोन वर्सं झाली ठणकतीया, तर मला कुत्रं इचारीना!"

डॉक्टरांनी मान वर न करता सांगितलं, "या ना. चाप हाच लागेल."

तात्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने पौडला जाऊन दाढ काढून आले.

*

दात झाले, तर नवीनच. सायलेन्सर एका जागी उभा राहीना. कुंपणाच्या कडेने सारखा इकडून तिकडे, तिकडून इकडे. खाल्लेलं सगळं चालण्यातच जिरायचं! म्हाताऱ्या घोड्यांशी त्याचं जमत नव्हतं. एकटं वाटत असणार, म्हणून मी काकीकडून एक शेळी मागून आणली.

आणि खरंच जमलं! पहिल्याच दिवशी शेळी त्याच्या पायाशी बसली आणि हा शांत उभा. मला इतकं बरं वाटलं, की मी सुधीरला फोन करणार होते. पण म्हटलं नको.

पंधरवड्याने डॉक्टर आले. छातीभोवती वजनाची पट्टी लावली. "थोडं आहे. पण घालताय त्या मानाने काहीच नाही. खातंय कोण?"

आम्ही सगळ्यांनी एकदमच खाली पाहिलं. घोड्याच्या घमेल्यात पुढचे दोन्ही पाय ठेवून शेळी जवस खात होती. तुकतुकीत! पाठ तर अशी भरलेली, की वर पाण्याचा तांब्या ठेवावा!

तात्या म्हणाले, "ताई, आली बघा तुमची टॉपलाईन! निस्ता घोडा चुकला!"

*

पाठीवर बसायचं नव्हतं, म्हणून मी त्याला लांब लगाम लावून मागून चालत डांबरी सडकेने चढावर न्यायचे. पुढे घोडा, मागे दोन्ही हातांत दोऱ्या धरून मी. यानेच पाठ बांधली जाते. पण रस्त्यावरच्या लोकांना कोण सांगणार? एकदा एसटीच्या ड्रायव्हरने भर चढावर गाडी थांबवली, खिडकीतून वाकला आणि काळजीने म्हणाला, "बाई, नांगर कुटं इसरलात?"

सगळी बस खिडक्यांना!

त्याच आठवड्यात कासार आंबोलीहून दोन माणसं जीप घेऊन आली. घरात लग्न होतं, नवरदेवासाठी घोडा हवा होता. रेसचा घोडा आहे हे त्यांनी कुठून तरी ऐकलेलं. मी म्हटलं, अहो, तो वरातीचा नाही. पण ते ऐकेनात, एकदा बघू तर द्या म्हणाले.

बघितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मोठा होता तो अदबीने हात जोडून म्हणाला, "न्हाई ताई, ऱ्हाऊ द्या. नवरीकडची मानसं म्हनतील, पोराच्या घरी खायाचीच वानवा हाय!"

मी त्या रात्री जेवले नाही.

*

आणि मग तो दिवस. हा किस्सा आम्ही आता हसत सांगतो, पण तेव्हा नाही हसलो.

वाडीत साखरपुडा होता. दुपारी मी तबेल्यात आले तर सायलेन्सर घामाने निथळत होता, पोटाकडे वळून वळून बघत होता, खाली बसायला बघत होता. पोटशूळ! घोडा यात जातो. बघता बघता जातो.

डॉक्टरांना फोन लावला. "लोळू देऊ नका, चालवत ठेवा, निघालो," एवढंच बोलले.

इतक्यात काकी आली. तिने घोड्याकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली बादली खाली पडली. बादलीच्या तळाला बुंदी.

"म्या घातली," ती म्हणाली. "सगळी जेवत व्हती, आन्‌ ह्ये लेकरू निस्तं टकामका बघत व्हतं. येवढुशीक बुंदी खाल्ल्यानं अंग धरंल म्हनलं."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ती ऐकायला थांबलीच नाही. तिने माझ्या हातातून दोर काढून घेतला, पदर खोचला आणि साखरपुड्याच्या नव्या लुगड्यात घोड्याला चालवायला लागली. कुणाला दोर देईना. तात्यांनाही नाही. "म्याच घातलं, म्याच फिरवीन." डोळ्यांतून पाणी, आणि तोंडाने घोड्याशी बोलणं चालू. बसायला लागला की खांद्याने रेटून उभा करायची.

डॉक्टर आले. नाकातून नळी घालून औषध, तेल, सगळं केलं. आता लीद पडायची वाट बघायची म्हणाले. साखरपुड्याची माणसं तशीच इकडे आली. नवरा-नवरीसुद्धा! सगळे जण एका घोड्याच्या शेपटाकडे डोळे लावून उभे.

ऊन कलायला लागलं, आणि सायलेन्सरने शेपूट किंचित उचललं. जो काही आवाज झाला म्हणता! लांबलचक, दणदणीत! पाठोपाठ लीद.

"सुटला!" डॉक्टर ओरडले.

आणि तात्या टोपी हवेत उडवून ओरडले, "सायलेन्सर मोकळा झाला रं!"

सुधीर ऑफिसातून धावत आला, तर इथे घोड्याच्या लिदीवर टाळ्या पडत होत्या आणि नवरीमुलगी काकीच्या गळ्यात पडून रडत होती. तो मला हळूच म्हणाला, "मी उद्या ऑफिसात काय सांगू?"

*

पाऊस सायलेन्सरने काढला. आमचाही निघाला. दसऱ्यापर्यंत पाठ भरली, पुठ्ठे गोल झाले, मानेला वरून कमान आली. काळसर तपकिरी अंगावर ऊन पडलं की बघत राहावं!

तुळशीचं लग्न लागून गेलं, आणि एका सकाळी युसूफभाई आले. रेसकोर्सवर सायलेन्सरला पहिल्यापासून सांभाळलेला माणूस. पिरंगुटला नातेवाइकांकडे आले होते, पत्ता विचारत विचारत इथवर पोचले. तात्याही त्याच वेळी तिथे होते. लग्नाला निघालेले, त्यामुळे कडक इस्त्रीचा पांढरा लेंगा, पांढरा सदरा, नव्या वहाणा. घोड्याच्या पोटाला टेकून ऐटीत उभे.

मी मोठ्या अभिमानाने म्हटलं, "पहचाना?"

युसूफभाईंनी घोड्याकडे पाहिलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मान हलवली.

"मॅडम, ये वो नहीं है."

"अहो, तोच आहे!"

"मेरा बच्चा सूखी लकडी था. आपने वो बेच दिया, ये दूसरा लिया. बोल दो ना, मैं बुरा नहीं मानूंगा."

माझा तोल गेला. इतके महिने मी काय केलं, कसं केलं, सगळं सांगितलं. दात, शेळी, बुंदी, सगळं! तात्यांनीही छातीवर हात मारून साक्ष दिली. म्हातारा ऐकेना. त्याचे डोळे भरून आलेले. त्याच्या लेखी त्याचा घोडा मेला होता आणि आम्ही सगळे लपवत होतो.

शेवटी युसूफभाई म्हणाले, "अच्छा. एक मिनट."

रेसच्या घोड्याला शर्यतीनंतर तपासणीसाठी लघवी द्यावी लागते, आणि सांभाळणारा माणूस त्याला लहानपणापासून शिट्टीवर तशी सवय लावतो, हे मी ऐकून होते. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही. तात्यांना तर माहीतच नव्हतं.

युसूफभाई घोड्याच्या खांद्याशी उभे राहिले, ओठांचा चंबू केला आणि हळू, लांब शिट्टी वाजवली.

सायलेन्सरचे कान एकदम त्यांच्याकडे वळले. त्याने मागचे पाय लांब केले. पाठ जरा खाली घेतली.

"वोही है!" युसूफभाईंनी त्याच्या गळ्याला मिठी मारली. लहान मुलासारखे रडायला लागले. "वोही है, मॅडम! मेरा बच्चा! कितना मोटा हो गया रे!"

तात्या जागच्या जागी उभे होते. त्यांनी एकदा युसूफभाईंकडे पाहिलं, एकदा खाली लेंग्याकडे आणि नव्या वहाणांकडे.

"आरं मर्दा," ते म्हणाले, "आशी वळख पटवायची व्हती, तर आदी मला तरी बाजूला सारायचं!"