चिकलठाण्याच्या आभाळात आमची आशू

मंगळवारी आशूचा फोन आला. "आई, मला घेऊन जा." बास, एवढंच बोलली. मी कांदाचाळीत कांदे निवडत होते. हातातला कांदा सडका होता का चांगला ते आता आठवत नाही, टाकला खरा.

आशू म्हणजे माझी थोरली, अश्विनी. ती चिकलठाण्याच्या विमानतळावर विमान चालवायला शिकते. व्हय, चालवायला, नुसतं आत बसायला नाही. गल्लीतल्या एका बाईनं विचारलं, "हवाई सुंदरी व्हणार का?" तिला म्हणलं, "सुंदरी नाय, डायवर."

तिच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आधीच निरोप आला होता. शुक्रवारी पालकांनी यावं, पोरं काय करतात ते बघावं, नाव आधी कळवावं, आधार कार्ड आणावं. मी नाव कळवलं आणि एक मोठी रिकामी पिशवी घडी करून घेतली, तिचे कपडे भरून आणायला. आमच्या ह्यांना सांगितलं, "बघायला चालले." पिशवीचं बोलले नाही.

गुरुवारी दुपारी वैजापूर स्टँडवरून लालपरी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड तिथंही लागू शकतं, वरच ठेवा. डाव्या खिडकीला बसा. माळीवाडा सोडलं की देवगिरीचा किल्ला दिसतो, तो उजव्या बाजूच्या लोकांना फक्त ऐकायला मिळतो. रस्ता बरा आहे, पण मधे मधे असा गचका बसतो की खाल्लेलं वर येईल. म्हणून पोट अर्धंच भरून निघा. बसच्या पाटीवर संभाजीनगर, कंडक्टरच्या तोंडात औरंगाबाद. दोन्ही एकच गाव आहे, गोंधळू नका.

स्टँडपासून जालना रोडनं मुकुंदवाडीला शेअर रिक्षा मिळते. रिक्षावाल्यानं आधी एकटीचे दीडशे सांगितले. मी म्हणलं, "रिक्षा इकत घ्यायची नाय मला." मग वीस रुपयांत तीन माणसांत दाबून बसवलं. बोलता बोलता मी एअरपोर्टचं नाव काढलं, तर विचारतो, "किसको छोडने जा रहे मौसी?"

"सोडायला नाय बाबा, आणायला."

आशू मुकुंदवाडीत दोन पोरींबरोबर खोली घेऊन राहते. पोरगी वाळली होती. मी डबा उघडला, बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. त्या दोघी तुटून पडल्या, ही बोटानं तुकडे करत बसली.

"काय झालं ते सांग. कोड्यात बोलू नको."

तेव्हा कुठं बोलली. तिच्याबरोबरच्या सगळ्यांचं सोलो झालं. सोलो म्हणजे शिकवणारा खाली उतरतो आणि पोर एकटं विमान उडवून, आभाळात एक फेरा मारून परत आणतं. ते कधी होणार हे आधी सांगत नाहीत. शिकवणाऱ्या कॅप्टनच्या मनाला पटलं की त्याच दिवशी. हिच्या कॅप्टनच्या मनाला पटेना. उतरताना हिचं विमान जमिनीवर आपटतं आणि चेंडूसारखं वर उडतं.

"सर म्हणतात, जमिनीकडं बघू नको, लांब धावपट्टीच्या टोकाकडं बघ. पण आई, जमीन अंगावर येती गं. माझी नजर खालीच जाती. मला नाय जमणार. पिशवी आणलीस ना?"

"आणली. पण उद्या एकदा तुझं इमान बघते. नाय पटलं तर दुपारच्या गाडीनं जाऊ."

मला वाटलं ती रडेल. तिनं भाकरीचा तुकडा उचलला आणि खाल्ला.

शुक्रवारी सकाळी सातला विमानतळाच्या फाटकावर पोहोचलो. जाणार असाल तर लवकर जा, सकाळी वारं कमी असतं, पोरं तेव्हाच उडतात. तपासणी कडक आहे. माझी अडकित्त्याची डबी काढून ठेवून घेतली, परत जाताना दिली. आत एक पत्र्याचं भलंमोठं शेड, त्याला ते हँगर म्हणतात. आणि त्यात ती विमानं.

मी खरं सांगते, मला वाटलं होतं बसएवढं तरी असेल. हे तर आमच्या कांद्याच्या पिकअपपेक्षा लहान! दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतील एवढंच. पत्रा बोटानं वाजवला तर डब्यासारखा वाजला. मी आशूकडं बघितलं. ह्याच्यात?

पण मग ती कामाला लागली. विमानाभोवती फिरून प्रत्येक खिळा, प्रत्येक पट्टी हातानं तपासली. पंखाखाली एका छोट्या पेल्यात थोडं पेट्रोल काढलं आणि उजेडाला धरलं. मिस्त्री सलीमभाई माझ्या शेजारी होते, पांढरी दाढी, हाताला ग्रीस. म्हणाले, "पानी तो नै मिला, ये देख रई. हर बार देखना, अम्मा. कल देखा था बोलके आज छोडना नै." डेअरीत दुधाचं माप घेतात तशी ती त्या पेल्याकडं बघत होती, डोळा बारीक करून. घरी हिला चहात साखर टाकली का नाही ते आठवत नाही.

आता माझी चूक सांगते. लपवून काय करू.

आपल्यात माणूस जोखमीच्या कामाला निघालं की भाकरतुकडा ओवाळून टाकतात. मी रात्रीच्या भाकरीचा एक भाग पदराला बांधून आणला होता. ती विमानात बसायला निघाली तशी मी पुढं झाले, तिच्यावरून तीन वेळा ओवाळलं, भाकर कुस्करली आणि हँगरच्या कडेच्या गवतात भिरकावून दिली. तुकडा एक उरला तो पदरातच राहिला.

सलीमभाई ओरडले, "अम्मा! ये क्या डाले तुम?"

"दृष्ट काढली. भाकर हाय."

"अरे, खाना डालते क्या इधर? परिंदे आते!"

आणि आलेच. आधी एक कावळा. मग चार. मग साळुंक्या, आणि बघता बघता वरती दोन घारी गोल फिरायला लागल्या. आशूचे कॅप्टन आले. उंच, साठीचे, आवाज चढवत नाहीत, पण त्यामुळंच भीती वाटते. म्हणाले, "ताई, एवढ्याशा विमानाला एक घार पुरते. काच फोडून आत येते."

ज्या पोरीला काही होऊ नये म्हणून ओवाळलं, तिच्याच वाटेत मी घारी बोलावल्या होत्या.

पक्षी हाकलायची जीप आली, त्यांनी फटाके लावले. मी पदर खोचला आणि गवतात बसून एकेक कण वेचला. सलीमभाईही वाकले, त्यांचे गुडघे कुरकुरत होते. बाकीचे पालक बघत होते. बघू देत. ह्यात पाऊण तास गेला. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती नारिंगी कापडी पिशवी मघाशी लोंबत होती, ती आता हलायला लागली होती.

आशू माझ्याजवळ आली. चेहरा लालभडक. "आई, अजून वारं वाढलं तर आजचं उड्डाण रद्द. तुला कुणी सांगितलं होतं गं? जरा म्हणून थांबवत नाय तुला!" मला असं ती पहिल्यांदाच बोलली. तिचंच बरोबर होतं.

मग ती तरातरा गेली, कॅप्टनशेजारी बसली आणि विमान उडालं. एक फेरा मारून उतरलं. दुसरा फेरा. तिसऱ्यांदा उतरलं तेव्हा सलीमभाई पुटपुटले, "मख्खन." मला तर कळलंही नाही चाकं कधी टेकली ते.

विमान आमच्या बाजूला येऊन उभं राहिलं. पंखा फिरतोच आहे. आणि कॅप्टनच्या बाजूचं दार उघडलं, ते खाली उतरले, दार ओढून घट्ट लावलं आणि पाठ फिरवून चालायला लागले.

मी पुढं धावले. "अहो साहेब, तुम्ही कुठं चाललात? पोरगी आत हाय!"

"आहे ना," ते म्हणाले. "आता तिथं माझं काम नाही."

विमान वळलं, लांब गेलं, उडालं. एक माणूस कमी होता म्हणून की काय, चटकन उचललं गेलं. मी आजवर पुष्कळ बघितलंय. वेरूळचं कैलास लेणं बघून मान दुखेपर्यंत उभी राहिलेली बाई आहे मी. पण पोटच्या पोरीला आभाळात, हाताला धरायला कुणी नाही, सावलीसुद्धा लांब खाली जमिनीवर पडलेली, असं बघणं वेगळंच. आभाळ तेच, रोजचंच. पण आज ते केवढं मोठं होतं!

कॅप्टनच्या हातात एक लहान रेडिओ होता. त्यातून खरखर आली आणि मग तिचा आवाज. इंग्रजीत. मला एक अक्षर कळलं नाही. पण घाबरल्यावर आशूचा आवाज बारीक होतो, तो बारीक नव्हता. मी रेडिओजवळ कान नेला. साहेबांनी तो माझ्या बाजूला धरला.

तेवढ्यात दुसरा आवाज काहीतरी बोलला आणि साहेबांच्या कपाळावर आठी आली.

"काय झालं?"

"प्रवाशांचं मोठं विमान वेळेआधी आलंय. त्याला आधी उतरू देतील. तिला बाजूला गोल फिरत थांबायला सांगितलंय."

"एकटीला?"

"एकटीलाच."

"तिनं हे आधी केलंय?"

साहेब रेडिओकडं बघत म्हणाले, "माझ्याबरोबर केलंय."

पूर्वेला एक ठिपका गोल फिरत होता. एकदा. दोनदा. ते मोठं धूड गडगडत आलं, उतरलं, माझ्या पायाखालची फरशी थरथरली. मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी ठिपका सोडला नाही. घारी कुठं आहेत तेही बघत होते. वारं माझा पदर ओढत होतं. सलीमभाईंचे ओठ नुसते हलत होते. मीही आमच्या देवीला बोलावलं. दोघं आपापल्या परीनं कामाला लागलो होतो.

मग ठिपका वळला. त्याला पंख फुटले. समोरून येताना तो वाऱ्यानं एका बाजूला सरकायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. साहेब हळूच म्हणाले, "लांब बघ, बाळा. लांब बघ." ते तिला ऐकू जाणार नव्हतं.

चाकं टेकली. एकदाच. उडी नाही, काही नाही.

तेव्हा कुठं मी नजर काढली. कुणीतरी पाणी दिलं.

साहेब म्हणाले, "ताई, एक बोलू? आज तिला राग आलेला होता. घाबरायला सवडच मिळाली नाही." मी म्हणलं, "मग दर खेपेला येत जाऊ का?" ते पहिल्यांदा हसले. "या. भाकर पिशवीत ठेवा."

ह्या लोकांची एक रीत आहे. जो पहिल्यांदा एकटा उडून येतो त्याला सगळे मिळून पाण्यानं भिजवतात. पोरं बादल्या भरून तयारच होती. सकाळची थंडी, मी एरवी एकेकाला झोडपलं असतं. साहेब म्हणाले, "पहिली बादली आईची." आशू समोर उभी, डोळे मिटलेले, हसतेय. मी बादली उचलली आणि डोक्यावरून ओतली. न्हाणीत लहानपणी ओतायची तशी, हात कपाळावर धरून, डोळ्यात जाऊ नये म्हणून. मग मागून बाकीच्या सात-आठ बादल्या आल्या आणि मीपण चिंब झाले.

माझा हात सवयीनं पदराच्या गाठीकडं गेला. सलीमभाईंनी लांबूनच बोट हलवलं. "अम्मा, नक्को." मी हात काढून घेतला.

आशू केस पिळत म्हणाली, "आई, मघाशी लई बोलले गं."

"बोललीस ते बरं झालं. पिशवीचं काय करू?"

तिनं पिशवी बघितली, मला बघितलं. "येताना कांदे आण तिच्यात. हितं लई महाग हाईत."

फाटकाबाहेर टपरीवर चहा आणि मिरची भजी खाल्ली. भजी तिखट आहेत, पण ओल्या कपड्यांना तेच लागतं. दुपारच्या गाडीनं निघाले. ह्या वेळी किल्ला उजव्या बाजूला येतो, पण मी आभाळच बघत बसले.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय बघितलं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. म्हणून हे लिहिलं.

पदराची गाठ दुसऱ्या दिवशी सकाळी सोडली. तुकडा वाळून कडक झाला होता. गच्चीवर गेले, लेकीचं नाव घेतलं, चिकलठाण्याकडं तोंड करून तीनदा ओवाळला आणि कुस्करून कठड्यावर ठेवला. कावळे लगेच आले. त्यांना म्हणलं, "खा रे पोटभर. रोज देईन. पण हितंच खा, तिकडं जाऊ नका."